लाटेची उंची नंतर, आधी महिना बघा

प्रश्न ठाण्याच्या एका आईचा आहे. लेक सतरा वर्षांची, मुंबईत लेझर डिंगी, म्हणजे एकट्याने चालवायची छोटी शिडाची होडी, चालवते, दोन-चार शर्यतींत चांगली आलीय. आता म्हणते, एकटीने जगप्रदक्षिणा करायची. आईने 2010 साली दक्षिण हिंदी महासागरात डोलकाठी मोडून अडकलेल्या सोळा वर्षांच्या अ‍ॅबी संडरलँडबद्दल वाचलं आणि झोप उडाली. त्या विचारतात: दहा-बारा मीटरच्या लाटेत एवढीशी बोट टिकते तरी कशी? मोठी जहाजं त्यात सुरक्षित असतात का? आणि पोरीला हो म्हणावं की नाही?

ताई, मी आयुष्यभर मालवाहू जहाजांवर नोकरी केली, शेवटची बरीच वर्षं कॅप्टन म्हणून. शिडाच्या बोटींचा नाद निवृत्तीनंतरचा. त्यामुळे जहाजापासून सुरुवात करतो, तुमच्या लेकीपर्यंत येतोच.

आधी लाटेचं. लोक उंची विचारतात. दर्यावर्दी माणूस विचारतो की दोन लाटांमध्ये किती सेकंद आहेत. खोल समुद्रात दर दहा सेकंदांनी येणारी लाट साधारण 156 मीटर लांब असते. तिची उंची चार मीटर असली तर ती बोटीखालून निघून जाते. बोट वर चढते, खाली उतरते, पोटात ढवळतं, बाकी काही नाही. तीच चार मीटरची लाट दर पाच सेकंदांनी येत असेल तर तिची लांबी जेमतेम 40 मीटर. म्हणजे ती अंगावर भिंतीसारखी उभी. लाटेची उंची लांबीच्या एक सप्तमांशाला पोचली की ती फुटतेच, आणि त्याच्या आतही वाऱ्याने तिचा माथा कोसळायला लागतो. न फुटलेल्या लाटेत पाणी बहुतेक जागच्या जागी गोल फिरत असतं. फुटलेल्या लाटेत तेच पाणी पुढे धावतं. एक घनमीटर समुद्राचं पाणी टनाहून जड. असे काही डझन टन बाजूने बोटीवर येऊन आदळले, की मग उंची मोजत बसायचं कारण उरत नाही.

अंदाजात जो ‘लाटांची उंची 4 मीटर’ असा आकडा येतो, त्याचा अर्थही नीट समजून घ्या. ती सर्वांत उंच एक तृतीयांश लाटांची सरासरी असते. त्याच समुद्रात काही तास काढले तर त्याच्या जवळजवळ दुप्पट उंचीची एखादी लाट भेटणं अगदी सामान्य आहे. त्याहून मोठ्या लाटांच्या गोष्टी खलाशी पिढ्यान्‌पिढ्या सांगायचे आणि किनाऱ्यावरचे हसायचे. 1 जानेवारी 1995 ला उत्तर समुद्रातल्या ड्राउपनर या नॉर्वेजियन गॅस प्लॅटफॉर्मवर 25.6 मीटरची लाट यंत्राने मोजली गेली, तेव्हा आजूबाजूच्या लाटा 12 मीटरच्या आसपासच्या होत्या. त्यानंतर हसणं थांबलं.

काही जागा या बाबतीत कुप्रसिद्ध आहेत. दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याने अगुल्हास प्रवाह नैऋत्येकडे जोरात वाहतो. नैऋत्येचं वादळ त्याच्या तोंडावर आलं की लाटा आखूड आणि उभ्या होतात, आणि त्यांच्या पुढ्यात खोल खड्डे पडतात. तिथून जाताना आम्हांला शिकवलेला नियम साधा होता: नैऋत्येचं वारं येतंय असं दिसलं की 200 मीटर खोलीच्या रेषेच्या आत, किनाऱ्याकडे सरका, प्रवाहाच्या बाहेर पडा. दुसरी जागा म्हणजे चाळीस अंश दक्षिणेच्या खालचा सगळा पट्टा. तिथे कमी दाबाची क्षेत्रं एकामागून एक पश्चिमेकडून पूर्वेला जात राहतात. आधी वायव्येचा वारा लाटा उभ्या करतो. मग वारा अचानक नैऋत्येकडे वळतो आणि जुन्या लाटांवर नव्या लाटा आडव्या चालून येतात. दोन लाटा जिथे एकमेकींवर चढतात तिथे पाण्याचा सुळका उठतो आणि कोसळतो. कुठून येईल ते सांगता येत नाही. लहान बोटी बहुतेक अशाच वेळी उलटतात, म्हणजे वारा जरा कमी झाल्यावर, ‘सुटलो बुवा’ म्हणायच्या सुमारास.

आता जहाजं. लांबी हीच त्यांची ताकद आणि तीच त्यांची दुखरी जागा. दोनशे-तीनशे मीटरचं जहाज कधी मधोमध लाटेवर टेकतं आणि दोन्ही टोकं अधांतरी, तर कधी दोन्ही टोकं लाटांवर आणि पोट अधांतरी. पोलाद दर काही सेकंदांनी इकडून तिकडे वाकत असतं. ब्रिजवरून, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीतून, लांब डेककडे बघत राहिलात तर ते वाकणं डोळ्यांना दिसतं. समोरून लाटा असल्या की नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, पाण्याबाहेर येते आणि धाडकन आपटते. तो दणका मागच्या टोकाला केबिनमध्ये झोपलेल्याच्या दातांपर्यंत येतो आणि नंतर चार-पाच सेकंद सगळं जहाज थरथरत राहतं. मागचा पंखा पाण्याबाहेर आला की इंजिन किंचाळतं आणि खालून चीफ इंजिनियरचा फोन येतो. अशा वेळी करायचं ते एकच, वेग कमी करायचा आणि लाटांशी कोन बदलायचा. ऐकायला सोपं आहे. पण वेग कमी केला की पोचायला उशीर, आणि उशिराचा हिशोब कंपनी मागते. खराब हवामानातले बरेच अपघात याच ओढाताणीतून झालेत, हे माझं स्पष्ट मत आहे.

‘डर्बीशायर’ हे 294 मीटर लांबीचं ब्रिटिश जहाज लोहखनिज घेऊन जपानला चाललं होतं. 9 सप्टेंबर 1980 च्या सुमारास ते ऑर्किड नावाच्या टायफूनमध्ये सापडलं आणि 44 माणसांसह गेलं. मदतीची एकही हाक ऐकू आली नाही. 1994 मध्ये समुद्रतळाशी अवशेष सापडले आणि पुढच्या चौकशीत जे बाहेर आलं ते सुटा माल नेणाऱ्या आम्हां बल्कवाल्यांना हादरवणारं होतं. नाळेकडच्या हवेच्या नळ्या आणि व्हेंटिलेटर लाटांनी तोडले, तिथून हळूहळू पुढच्या भागात पाणी शिरलं, नाळ खाली गेली, आणि मग समोरून येणाऱ्या लाटांच्या वजनाने पहिल्या हॅचचं, म्हणजे माल भरायच्या तोंडाचं, झाकण आत कोसळलं. त्यानंतर सगळं मिनिटांत आटोपलं असणार. एवढ्या मोठ्या जहाजाचा घात हातभर व्यासाच्या भोकांपासून सुरू झाला. म्हणून जुने बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे मुकादम, वादळाआधी व्हेंटिलेटरचं प्रत्येक झाकण स्वतः हाताने पिळून बघायचे, आणि कुणी ‘केलंय हो’ म्हटलं तर त्याच्यावर विश्वास ठेवायचे नाहीत.

कंटेनर जहाजांचं दुखणं वेगळं. लाटा समोरून येत असतात, म्हणजे नियमाने जहाजाने पुढे-मागे डुलायला हवं. आणि अचानक ते कुशीवर पडायला लागतं, दहा अंश, वीस, तीस, पस्तीस. झोक्यावर उभं राहिलेलं पोर प्रत्येक फेरीत दोनदा गुडघे वाकवून झोका चढवतं, तसं हे असतं. जहाजाच्या एका पूर्ण डोलण्याच्या वेळात दोन लाटा भेटल्या, आणि लाटेची लांबी जहाजाच्या लांबीएवढी असली, तर प्रत्येक लाट डोल वाढवत जाते. 1998 मध्ये ‘एपीएल चायना’चे शेकडो कंटेनर असे पॅसिफिकमध्ये गेले तेव्हा कुठे धंद्याने हा प्रकार मनावर घेतला. 2020 च्या नोव्हेंबरअखेर ‘वन एपस’ या जहाजाने याच महासागरात खराब हवामानात एका फटक्यात 1,816 कंटेनर गमावले. म्हणजे मोठं जहाज सुरक्षित का, याचं उत्तर असं की बहुतेक वेळा हो, पण त्याला कसं वागवता यावर ते ठरतं.

अशा दिवसांत जहाजावर राहणं कसं असतं? मेसमध्ये टेबलक्लॉथ ओला करून पसरतात, म्हणजे ताटं घसरत नाहीत. झोपताना लाइफ जॅकेट गादीच्या बाहेरच्या कडेखाली सरकवायचं, म्हणजे माणूस गादी आणि भिंतीच्या बेचक्यात अडकून राहतो. तरी झोप लागत नाहीच. पण आमच्यात वीस माणसं असतात, चार तासांनी वॉच, म्हणजे पहारा, बदलतो. एकट्याचा वॉच कुणी बदलत नाही, हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

लहान बोट या सगळ्यात टिकते ती लहान असल्यामुळेच. तिला दोन लाटांवर एकदम टेकायला लांबीच नाही, त्यामुळे ती वाकत नाही, मोडत नाही. खाली शिशाची किंवा लोखंडाची जड कील, म्हणजे तळाखालचं वजनदार पातं, असते, त्यामुळे आडवी पडली तरी उठते. चांगली बोट पूर्ण उलटी झाली तरी पुढची लाट तिला पुन्हा सरळ करते. धोका फुटणाऱ्या लाटेत आडवं सापडण्याचा. 1979 च्या फास्टनेट शर्यतीत 15 शर्यतपटू गेले, आणि त्यानंतर इंग्लंडमध्ये टाकीत नमुने ठेवून चाचण्या झाल्या. त्यातून निघालेला ठोकताळा असा: बोटीच्या लांबीच्या तीस टक्के उंचीची फुटणारी लाट बाजूने आली तर बोट आडवी होऊ शकते, साठ टक्क्यांची आली तर उलटणार हे धरून चाला. दहा मीटरच्या बोटीला हे आकडे तीन आणि सहा मीटर. तुमच्या प्रश्नातली दहा-बारा मीटरची लाट फुटली नाही तर बोट तिच्यावरून जाईल. सहा मीटरची फुटली तर जाणार नाही.

उलटली की डोलकाठी बहुधा जाते. दोन गोष्टी त्याच क्षणी सुरू होतात. मोडलेली डोलकाठी तारांना लटकून प्रत्येक लाटेबरोबर बोटीचं कवच ठोकायला लागते, भोक पाडेपर्यंत. म्हणून कटर हाताशी लागतो आणि हातात जोरही. शिवाय डोलकाठीचं वजन गेल्यामुळे बोट चपळ डोलायला लागते आणि पुढच्या लाटेत पुन्हा उलटणं सोपं होतं. यावर उपाय म्हणजे लाटेला बाजू न देणं. एक तर हीव्ह-टू करून, म्हणजे शीड आणि सुकाणू एकमेकांविरुद्ध लावून बोट जवळजवळ थांबवून, नाळ वाऱ्याकडे तिरपी धरायची, नाहीतर मागे ड्रोग, म्हणजे दोराला बांधलेला पाण्यातला ब्रेक, सोडून लाटांबरोबर पळायचं. ड्रोगवर माझी भिस्त जास्त. पण तोही दोरच. एकट्याने न थांबता जगप्रदक्षिणेच्या 2018 च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत सूझी गुडॉलच्या ड्रोगचा दोर तुटला आणि तिची बोट नाळेवरून कोलांटी खाऊन डोलकाठी गमावून बसली.

त्याच शर्यतीत आपल्या नौदलाचे कमांडर अभिलाष टॉमी होते. 2012-13 मध्ये ‘म्हादेई’वरून न थांबता एकट्याने जगप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. त्यांच्याइतका अनुभव देशात फार थोड्यांना असेल. 21 सप्टेंबर 2018 ला पर्थच्या पश्चिमेला जवळपास 1,900 सागरी मैलांवर, 70 नॉटच्या आसपासच्या वाऱ्यात त्यांची ‘थुरिया’ उलटली, डोलकाठी गेली, पाठीचा कणा दुखावला. उठताही येत नव्हतं. तीन दिवसांनी ‘ओसिरिस’ या फ्रेंच गस्ती जहाजाच्या लोकांनी त्यांना स्ट्रेचरवर उचललं. त्याच वादळात आयरिश ग्रेगर मॅकगकिन यांचीही डोलकाठी गेली. पुढच्या शर्यतीत, 2023 मध्ये, टॉमी दुसरे आले, तो भाग वेगळा. सांगायचं हे की तिथे अनुभव वादळ टाळून देत नाही. वादळानंतर काय करायचं ते ठाऊक असतं, एवढंच.

मग टाळता काय येतं? तारीख टाळता येते. तुमच्या लेकीने एका कागदावर या तारखा लिहून काढाव्यात. दिलीप दोंदे, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय, 19 ऑगस्ट 2009 ला मुंबईहून ‘म्हादेई’ घेऊन निघाले आणि केप हॉर्नला, दक्षिण अमेरिकेच्या दक्षिण टोकाला, जानेवारीत पोचले. टॉमी 1 नोव्हेंबर 2012 ला निघाले, हॉर्न जानेवारीत. सोळा वर्षांची ऑस्ट्रेलियन जेसिका वॉटसन, तिचंही हॉर्न जानेवारी 2010 मध्ये. जानेवारी म्हणजे तिथला भर उन्हाळा. आता अ‍ॅबी. ती कॅलिफोर्नियाहून निघालीच 23 जानेवारीला. विजेच्या अडचणींमुळे मेक्सिकोत थांबून फेब्रुवारीत पुन्हा सुरुवात. हॉर्न 31 मार्चला. मग ऑटोपायलटने दगा दिला म्हणून केप टाउनला थांबावं लागलं, आणि तिथून ती निघाली 21 मे रोजी. म्हणजे दक्षिण गोलार्धातला हिवाळा तोंडावर असताना दक्षिण हिंदी महासागरात. 10 जूनला तिचे संकटसूचक बीकन वाजले.

तिच्या हिमतीबद्दल किंवा कौशल्याबद्दल मी एक शब्दही वावगा बोलणार नाही. हॉर्न एकटीने पार करणारी पोरगी आहे ती. पण केप टाउनला थांबल्यावर ‘न थांबता प्रदक्षिणे’चा विक्रम संपलाच होता. तिथे बोट बांधून नोव्हेंबरपर्यंत थांबायला हवं होतं, असं मला आजही वाटतं. ‘सर्वांत लहान’ हा विक्रम मात्र थांबू देत नाही, कारण वाट बघण्यात वय वाढतं. शिडाच्या वेगाच्या विक्रमांची नोंद ठेवणारी आंतरराष्ट्रीय परिषद वयाचे विक्रम मानतच नाही, आणि ते बरोबरच आहे. डच लॉरा डेकरला तेरा-चौदाव्या वर्षी कोर्टाने अडवलं, केवढा गदारोळ झाला. पुढे तिने जागोजागी थांबत प्रवास केला आणि जानेवारी 2012 मध्ये, सोळाव्या वर्षी, पूर्णही केला. थांबे होते म्हणून हवामान निवडता आलं.

आपल्याकडे कोळ्यांना हे सांगावं लागत नाही. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, आणि जुने तांडेल तर नारळी पौर्णिमा झाल्याशिवाय होडी पाण्यात लोटत नाहीत. शिकलेल्या लोकांना मात्र सांगावं लागतं. मे 2021 मध्ये तौक्ते वादळाचा इशारा आधीच आलेला असताना मुंबई हायजवळ पी-305 हा बार्ज शेकडो माणसं घेऊन नांगरावरच राहिला, नांगर सुटले आणि तो बुडाला.

आता झोपेचं. एकटा नाविक वीस-तीस मिनिटांच्या डुलक्या काढतो, गजर लावून. डुलकीच्या वेळी त्याच्या सुरक्षिततेची भिस्त माझ्यासारख्यावर असते, आणि तुम्हांला खरं सांगतो, ती फारशी ठेवू नये. फायबरची बोट रडारवर मुळातच अंधूक दिसते. लाटा वाढल्या की पडद्याचा मधला भाग लाटांच्याच ठिपक्यांनी भरून जातो; ते ठिपके पुसायला बटण फिरवलं की बोटीचा ठिपकाही जातो. त्यातून मोठ्या जहाजाच्या नाळेसमोर पाचशे मीटरपर्यंतचं पाणी ब्रिजवरून न दिसणं नियमात बसतं. जेसिका वॉटसनची बोट सप्टेंबर 2009 मध्ये, मुख्य प्रवास सुरू व्हायच्याही आधी, रात्री ‘सिल्व्हर यांग’ नावाच्या बल्क जहाजाला घासली आणि डोलकाठी गेली. शांत समुद्रात. तपासात दोन्ही बाजूंचं लक्ष नीट नव्हतं असं निघालं. त्यामुळे बोटीवर एआयएस ट्रान्सपाँडर, म्हणजे आपली जागा आसपासच्या जहाजांना कळवणारं यंत्र, हवाच, नुसता रिसीव्हर नको. आणि जहाजांच्या वाटेवर झोपायचं नाही, वाट ओलांडून मग झोपायचं.

सुटकेबद्दल लोकांच्या कल्पना फार गोड असतात. बीकन दाबलं की हेलिकॉप्टर येतं असं वाटतं. किनाऱ्यापासून दोन हजार मैलांवर हेलिकॉप्टर येत नाही. अ‍ॅबीला शोधायला पर्थहून क्वांटासचं प्रवासी विमान भाड्याने घेऊन पाठवलं, आणि उचललं ते ‘इल द ला रेयुनियों’ या फ्रेंच मासेमारी जहाजाने. त्या वेळी त्या जहाजाचा कप्तानच समुद्रात पडला. त्यालाही बाहेर काढावं लागलं. सूझी गुडॉलला ‘तियान फू’ या मालवाहू जहाजाने क्रेनने उचललं. खवळलेल्या समुद्रात दहा मीटर उंच पोलादी भिंत सहा-सात मीटर वर-खाली होत असते, आणि तिच्या अंगाला तुमची बोट चिकटते. तिथे हात, पाय, डोकं, काहीही चिरडू शकतं. समुद्रात माणूस संकटात असेल तर वळणं हे प्रत्येक कॅप्टनचं कर्तव्य आहे आणि आम्ही वळतो. पण त्यासाठी वीस जणांचा जीव टांगणीला लागतो, हे बीकन विकत घेताना माहीत असावं.

तर, हो म्हणावं का? ताई, मी आत्ता ‘नाही’ म्हणणार नाही आणि प्रदक्षिणेला ‘हो’ही म्हणणार नाही. डिंगी चालवणं आणि समुद्रात रात्र काढणं यांत फार अंतर आहे. डिंगीत शीड कळतं, वारा कळतो, पण उलट्या होत असताना इंजिनचा फिल्टर बदलणं कळत नाही. तिने आधी दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी म्हणून जावं. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत मुंबई ते गोवा, सव्वादोनशे-अडीचशे मैल, दोन-तीन रात्री. आपल्या किनाऱ्यावर रात्रीचा मोठा त्रास लाटांचा नाही, मासेमारीच्या जाळ्यांचा आणि दिवे न लावलेल्या होड्यांचा. ते एकदा निस्तरलं की माणूस शहाणा होतो. मग तोच प्रवास उलटा करावा, गोव्याहून मुंबईला, म्हणजे वारा नाकावर घेऊन. तो कंटाळवाणा, ओला आणि लांबतच जाणारा प्रवास तिला आवडला, तर पुढचं बोलू. मग लक्षद्वीप, मग दुसऱ्या कुणासोबत एखादा महासागर, मग एकटी. गोव्यात ‘म्हादेई’ आणि ‘तारिणी’सारख्या बोटी बांधणारी आणि चालवणारी माणसं आहेत, त्यांना भेटून यावं. नौदलाच्या दिलना आणि रूपा या दोघींनी ‘तारिणी’वरून 2024-25 मध्ये प्रदक्षिणा केली, त्याआधी त्यांची तीन वर्षं तयारीत गेली होती.

आणि वेगाचा, वयाचा विक्रम घरात बोलायचाच नाही. प्रायोजक आला आणि त्याने निघायची तारीख ठरवायला सुरुवात केली, तर प्रायोजक बदला.

शेवटी तुमच्या स्वतःच्या कामाचं. पहिल्याच रात्रीच्या प्रवासाला 406 मेगाहर्ट्‌झचं बीकन तिच्या अंगावर असू द्या, हार्नेसला बांधलेलं. भारतात त्याची नोंदणी बेंगळुरूला इस्रोच्या केंद्रात होते, आणि ती न करता बीकन पिशवीत टाकणारे मी पुष्कळ पाहिलेत. नोंदणीत किनाऱ्यावरचा संपर्क विचारतात. बीकन वाजलं की तो इशारा खरा की चुकून, हे विचारायला शोध-बचाव केंद्र आधी त्याच नंबरवर फोन करतं. तिथे बोटीचं नाव, रंग, कुठून कुठे निघाली आणि शेवटचं बोलणं कधी झालं, हे न अडखळता सांगू शकेल अशा माणसाचा नंबर द्या. तुम्हांला रात्री फोन सायलेंटवर ठेवायची सवय असेल तर दुसऱ्या कुणाचा.